खालची बाजू

मराठी भाषेत 'गंज' हा शब्द मोठा गमतीचा आहे. खळ्यात रचून ठेवलेल्या कडब्याची गंज असते. काही भागांत दूध तापवण्याच्या भांड्याला गंज म्हणतात. आणि लोखंडावर चढतो तोही गंजच. पहिले दोन गंज आपल्या घरी असावेत असे कोणालाही वाटेल. तिसऱ्याला मात्र कोणीच बोलावलेले नसते. तो येतो तेव्हा दार वाजत नाही, कुत्रे भुंकत नाही. आणि तो आला आहे हे कळते, तेव्हा पुष्कळदा त्याचे काम आटोपलेले असते. या चोराची आणखी एक तऱ्हा अशी, की ज्या वस्तूची तो चोरी करतो तिचे वजन आरंभी घटण्याऐवजी वाढते! लोखंडाचा हवेतील प्राणवायूशी आणि पाण्याशी संयोग होऊन गंज तयार होतो. त्या दोघांचा भार लोखंडात मिसळतो, म्हणून गंज चढलेला खिळा मूळच्या खिळ्याहून किंचित जड भरतो. वजन वाढते आणि बळ जाते.

मी मराठीचा शिक्षक. परंतु मुख्याध्यापक झाल्यावर कोणत्याही वर्गाच्या दारात उभे राहण्याचा अधिकार मला मिळाला, आणि तो मी मनसोक्त वापरीत असे. आमचे विज्ञानाचे शिक्षक दरवर्षी तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवीत. एकीत ओलावा शोषून घेणारा पदार्थ टाकून आतली हवा कोरडी केलेली असे. दुसरीत उकळून हवा काढून टाकलेले पाणी आणि त्यावर तेलाचा थर. तिसरीत नळाचे साधे पाणी. आठवड्याने पाहावे तो पहिले दोन खिळे जसेच्या तसे आणि तिसरा तांबडा झालेला! हवा एकटी काही करू शकत नाही आणि पाणीही एकटे काही करू शकत नाही. दोघे एकत्र आले की मात्र लोखंडाची धडगत नाही.

मुलांनो, तुम्ही विचाराल, की अ‍ॅल्युमिनियमलाही प्राणवायू लागतोच, मग स्वयंपाकघरातले पातेले का झिजून जात नाही? त्याचे कारण असे, की अ‍ॅल्युमिनियमवर जो थर धरतो तो इतका घट्ट आणि एकसंध असतो, की तोच आतल्या धातूचे कवच बनतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, फुगतो, वरच्या रंगाला पापडासारखे फोड आणतो आणि गळून पडतो. तो गळला की खालचे नवे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते.

मी राहतो ते सातपूर लोखंडाचे गाव आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे जुने खेडे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर येथील शेतजमिनींवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. मोटारीपासून सुट्या भागांपर्यंत असंख्य वस्तू येथे घडल्या. पाळी सुटल्याचा भोंगा, लेथच्या यंत्रांची घरघर, घणाचे ठोके, यांची इथल्या माणसांना इतकी सवय झाली आहे, की सुटीच्या दिवशी शांतता पसरली म्हणजे चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

आमच्या गल्लीतला एक तरुण अशाच एका कारखान्यात लेथवर काम करतो. तो माझा विद्यार्थी. त्याचे वडील, ज्यांना सारी गल्ली अण्णा म्हणते, यांनी दुसऱ्या एका कारखान्याच्या रंगविभागात तीस वर्षे काढली. रंग देण्यापूर्वी पत्रा धुवायचा, त्यावरील तेलाचा लवलेश काढायचा, त्याला रसायनाचे स्नान घालायचे आणि मग रंगाच्या कुंडात बुडवायचा, हे त्यांचे काम. दोन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाणी जवळजवळ गेली. आता दिवसाकाठी चारदोन शब्द, तेही मोठ्या कष्टाने, त्यांच्या तोंडून उमटतात. व्यायामाच्या उपचारांसाठी त्यांना आठवड्यातून तीनदा शहरात न्यावे लागते. मोटारसायकलवर ते बसू शकत नाहीत. रिक्षात चढवताना दोघांना हात द्यावा लागतो, आणि रिक्षाचे भाडे महिन्याच्या पगाराला भगदाड पाडते. म्हणून मुलाने एक जुनी, स्वस्तातली मोटार घेण्याचे ठरवले. त्याने पै पै करून साठवलेली रक्कम होती नव्वद हजार.

एके दिवशी तो धावतच माझ्याकडे आला.

"सर, गाडी पाहून आलो. लहानशीच आहे, पण नव्यासारखी चकाकते. इंजिनाचा आवाज तर कानावरसुद्धा येत नाही. पंच्याण्णव हजार म्हणतात."

मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मुलाने त्यांनाही सारी हकीकत सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि प्रयत्नपूर्वक एकच शब्द उच्चारला, "खाली."

"होय अण्णा, किंमत खाली आणतो," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने घासाघीस करून सात हजार कमी करून घेतले आणि मोठ्या आनंदाने वडिलांना सांगितले. अण्णांनी मान हलवली. "खाली. खाली."

"अण्णा, आता याहून खाली तो मनुष्य येणार नाही."

अण्णांचा चेहरा लाल झाला. बोलायचे आहे आणि शब्द येत नाही, यासारखी तगमग दुसरी नसेल. त्यांनी डाव्या हाताने शेजारच्या स्टुलावरची पाण्याची वाटी उचलली, उरलेले पाणी जमिनीवर ओतून टाकले, वाटी पालथी केली आणि तिच्या बुडावर नखाने टकटक केले. आम्ही दोघेही नुसते पाहत राहिलो. चुलीशी उभ्या असलेल्या त्या तरुणाच्या आईने मात्र तिथूनच सांगितले, "अरे, ते भावाचं बोलत नाहीत. गाडीच्या खाली पाहिलंस का, असं विचारताहेत."

त्याने पाहिले नव्हते. कोण पाहतो? आपण मोटार घ्यायला जातो तेव्हा रंग पाहतो, गाद्या पाहतो, दार लावल्याचा आवाज ऐकतो. ज्या बाजूवर चिखल, पाणी, दगड आणि मीठ यांचा रोज मारा होतो ती बाजू जमिनीकडे तोंड करून असते, आणि तिला पाहण्यासाठी कपडे मळवावे लागतात.

वसाहतीच्या टोकाला माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. व्याकरणाशी त्याचे कधी जमले नाही. परंतु यंत्राच्या प्रयोगातले कर्ता आणि कर्म त्याला अचूक ओळखता येतात. रविवारी सकाळी विक्रेता ती पांढरी मोटार घेऊन तेथे आला. गॅरेजमध्ये गाडी वर उभी करून तिच्याखाली माणसाला उतरता येईल असा खड्डा आहे. मला वाटले, मिस्त्री आधी इंजिन उघडील. त्याने तिकडे पाहिलेही नाही. त्याने नोंदणीपुस्तक मागून घेतले.

"बारा वर्षांची गाडी. नोंदणी रत्नागिरीची," तो म्हणाला. "म्हणजे समुद्राकाठचे पावसाळे काढलेत हिने."

समुद्राकाठच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. श्रावणात तुमच्या घरच्या बरणीतले मीठ कसे पाझरते ते आठवा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. तेव्हा पाऊस थांबला तरी मिठाचा थर बसलेला पत्रा ओलाच राहतो. शिवाय गंजण्याची क्रिया ही मुळात एक अतिसूक्ष्म विद्युत्क्रिया आहे, आणि खारे पाणी विजेला गोड्या पाण्याहून अधिक सुलभ वाट देते. युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरतात. तेथील मोटारी समुद्रापासून शेकडो मैल दूर राहूनही खालून कुजतात, त्या याच कारणाने.

मिस्त्री विजेरी घेऊन खड्ड्यात उतरला. पाठोपाठ तो तरुण उतरला, आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांची समजूत घालीत मीही उतरलो. पहिल्याच दृष्टिक्षेपात मला तांबडा झालेला सायलेन्सर दिसला आणि मी म्हणालो, "अरे, हा तर पुरता गंजला आहे!"

"याला घाबरायचं नाही, सर. सायलेन्सर तापतो, निवतो, भिजतो. तो तांबडा होणारच, आणि बदलताही येतो. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकच्या तबकडीवरसुद्धा एका रात्रीत तांबूस पापुद्रा धरतो. दोनदा ब्रेक दाबला की पुसून जातो. मला काळजी वाटते ती या काळ्या रंगाची."

गाडीचा सारा तळ काळ्याभोर लेपाने माखलेला होता. मला तर तो काळजीपूर्वक राखलेल्या गाडीचे लक्षण वाटला. मिस्त्रीने अंगठा दाबून दाखवला. लेप अजून मऊ होता. असा लेप मुळात वाईट नव्हे. चाकांनी उडवलेल्या खड्यांपासून पत्र्याचे रक्षण व्हावे म्हणून तो देतात. परंतु तो स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर द्यायचा असतो. गंजावरच तो फासला, तर ओली जखम न धुता वर पट्टी बांधल्यासारखे होते. ओलावा आत कोंडतो, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरही पट्टी बसते. बारा वर्षांच्या गाडीला विक्रीच्या आधल्याच आठवड्यात काळा रंग देण्याची बुद्धी कोणाला झाली असेल?

मग तो दारांच्या खालच्या लांबट, पोकळ पेटीकडे वळला. गाडीच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ही पेटी असते. आत शिरलेले पाणी निघून जावे म्हणून तिच्या तळाला लहान लहान छिद्रे ठेवलेली असतात. येथे ती छिद्रे आधी चिखलाने आणि मग त्या लेपाने बुजली होती. मिस्त्रीने पेचकस उलटा धरला आणि त्याच्या मुठीने हलकेच ठोकत पुढे जाऊ लागला. पेचकसाचे टोक त्याने एकदाही वापरले नाही. "गाडी अजून दुसऱ्याची आहे," तो म्हणाला, "टोचून भोक पाडण्याचा आपल्याला हक्क नाही." टण, टण, टण असा आवाज येत होता. मागच्या चाकाजवळ तो आला आणि आवाज बदलला. थप्. जणू घागरीवर वाजवता वाजवता कोणी हात पीठाच्या डब्यावर ठेवावा! त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले. वरच्या पत्र्याला ते झटकन चिकटत होते. त्या पेटीवर तीन ठिकाणी ते नुसते घसरून खाली पडले. तेथे लोखंड उरलेच नव्हते. भोकांत लांबी भरून, तासून, वर पांढरा रंग दिलेला होता.

गाडीतल्या पायाखालच्या चटया उचलल्या. खालचे अस्तर दमट होते आणि त्याला कुबट वास येत होता. डिकीतली स्टेपनी काढली. तिच्या खळग्यात पाणी साचून सुकल्याची वर्तुळे उमटलेली होती. परंतु मिस्त्री ज्या एका जागी पुष्कळ वेळ विजेरी धरून उभा राहिला ती जागा निराळीच होती. मागच्या चाकांचा दांडा गाडीच्या तळाला जेथे जखडलेला असतो, तेथे एक चौकोनी ठिगळ वेल्डिंगने जोडलेले होते, आणि त्या ठिगळाच्या कडेचा पत्रा पानकोबीच्या पानासारखा पदरापदराने सुटू लागला होता. शेजारून ब्रेकच्या तेलाची बारीक नळी जात होती. तिच्यावरही खपल्या धरल्या होत्या.

मला दिल्लीतल्या मेहरौलीचा लोहस्तंभ आठवला. तो सुमारे सोळाशे वर्षांचा. सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड. आणि ऊनपावसात उभा असूनही गंजाने खाऊन टाकलेला नाही. "मग ही गाडी बारा वर्षांत का ढासळावी?" मी विचारले.

"तो खांब भरीव आहे, सर. हा पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नाही."

उत्तर मार्मिक होते. त्यात एवढीच भर घालायला हवी, की आय.आय.टी. कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्या स्तंभाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्याच्या लोखंडातील फॉस्फरसच्या अंशामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला असल्याचे दिसून आले. म्हणजे त्या लोखंडाने अ‍ॅल्युमिनियमचा गुण उचलला! मोटारीच्या पत्र्याला असे भाग्य नसते. त्याला जस्ताचा मुलामा आणि रंग यांचाच आधार. आणि जस्त तर लोखंडाऐवजी स्वतः झिजून त्याला वाचवत असते. ते संपले की पत्रा उघडा.

आणखी एक गोष्ट त्या खड्ड्यात उभे राहून मला समजली. जुन्या जीपगाडीला खाली जाडजूड लोखंडी सांगाडा असतो आणि वरचे शरीर त्यावर बसवलेले असते, जसे खांब-तुळयांच्या वाड्यात भिंत पडली तरी आढे उभे राहते. आजच्या बहुतेक लहान मोटारींना असा वेगळा सांगाडाच नसतो. मातीच्या घरात जशी भिंतच छप्पर पेलते, तसा त्यांचा पत्राच सारा भार वाहतो. म्हणून तेथे तळाचा पत्रा कुजणे म्हणजे घराची भिंत कुजणे होय.

आम्ही वर आलो. विक्रेता हे सारे मुकाट्याने पाहत होता. तो एकदम म्हणाला, "साठ हजार द्या आणि घेऊन जा."

मुलांनो, खरी परीक्षा या क्षणी होती. अठ्ठ्याऐंशीचे साठ झाले होते. तीस हजार हातात उरत होते. त्या तरुणाची चलबिचल मला स्पष्ट दिसली. त्याने मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारले, "दादा, साठ हजारांत घेऊन वेल्डिंग करून घेतलं तर? मंगळवारी अण्णांना न्यायचं आहे. रोज रोज त्या रिक्षावाल्यांची मनधरणी..."

मिस्त्री थोडा वेळ काही बोलला नाही. हे काम त्यालाच मिळाले असते, आणि त्यात त्याला चार पैसे सुटले असते.

"दार गंजलं असतं तर घे म्हणालो असतो," तो म्हणाला. "दार बदलता येतं. इथं मागचं चाक ज्याच्या जिवावर धरलंय तेच सुटायला लागलंय. वेल्डिंगला धरायला चांगलं लोखंड तर हवं? तू अण्णांना घेऊन उड्डाणपुलावरून जाणार आहेस."

तरुणाने हात जोडून विक्रेत्याला नकार दिला. मिस्त्रीने त्या गृहस्थाला सांगितले, की पुढच्या गिऱ्हाइकाला हे दाखवूनच गाडी विका. त्याने उत्तर दिले नाही. गाडी चालू केली आणि तो निघून गेला. तो मनुष्य लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्यालाही ती कोणीतरी तशीच विकली असेल. परंतु तो ओला काळा रंग कोणाच्या तरी हाताने लागला होता, एवढे खरे.

मंगळवारी अण्णा रिक्षानेच गेले, आणि त्यानंतरचे दोन महिनेही. पावसाळा सरत आला तेव्हा नाशिकरोडच्या एका गृहस्थांची गाडी विकायला निघाली. ती पाहून आमच्या तरुणाचे मन खट्टू झाले. रंग उन्हाने विटलेला, एका दाराला पोचा, बाजूचा आरसा सुतळीने बांधलेला! परंतु ती पहिल्यापासून नाशिकच्याच कोरड्या हवेत राहिलेली होती. मिस्त्री खड्ड्यात उतरला तो बराच वेळ वर आला नाही. तळाला काळा लेप नव्हता. कारखान्यातला मूळचा करडा रंग धुळीखाली शाबूत होता, जोडांच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या आणि पाण्याची छिद्रे मोकळी होती. पेचकसाची मूठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टणटण वाजत गेली.

अण्णांना खड्ड्यात उतरवणे शक्य नव्हते. म्हणून मिस्त्रीने आपल्या मोबाइलवर तळाची बावीस छायाचित्रे काढली आणि संध्याकाळी तो स्वतः घरी येऊन अण्णांच्या शेजारी बसला. अण्णा एकेक चित्र पाहू लागले. घाई नाही. एखादे पुढे गेलेले चित्र डाव्या हाताने मागे आणायला लावीत, डोळ्यांजवळ नेत, मग मान हलवीत. सोळाव्या चित्रावर ते थांबले आणि त्यांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवले. डाव्या चाकामागे रुपयाएवढा तांबूस डाग होता.

"तेवढा एकच आहे, अण्णा," मिस्त्री म्हणाला. "वरवरचा आहे."

अण्णांनी बोटांनी खसाखसा घासल्याची खूण केली. मग हवेत कुंचला फिरवावा तसा हात हलवला.

या वेळी मुलाला अर्थ लागायला वेळ लागला नाही. "आधी घासून पांढरं करायचं, मग रेडऑक्साइड, मग रंगाचे दोन हात. होय ना?"

अण्णांनी तीन बोटे दाखवली.